आण्णांनंतरची वारस नोंद: ग्रामपंचायत, तलाठी आणि मधलं सगळं

आण्णा गेले ६ नोव्हेंबर २०२४ ला. भाऊबीज होऊन तीनच दिवस झाले होते, मी आणि ताई अजून माहेरीच होतो. घर आणि जमीन वारसांच्या नावावर करण्याचं काम तेराव्यानंतर सुरू झालं आणि पुढच्या पावसाळ्यात कुठं मार्गी लागलं. आमच्यात भांडण नव्हतं, कोर्टकचेरी नव्हती. जमीन म्हणाल तर पावणेचार एकर, त्यातली बरीचशी जिराईत. तरीही एवढा वेळ गेला. ज्यांच्या घरी नुकतंच असं काही घडलंय त्यांना पहिलं पाऊल कुठं टाकायचं हेच उमगत नाही, म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवतेय.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात. मी हडपसरला राहते, नोकरी करते. धाकटा भाऊ गावात, ताई सासरी सांगली जिल्ह्यात. आई आणि आजी गावच्या घरात. आजी म्हणजे आण्णांची आई. तिचा या सगळ्यात मोठा भाग आहे, तो पुढे येईलच.

सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून. गावात जो येईल तो सांगायचा, "ग्रामपंचायतीत नोंद घाला." पण नोंद माणूस जिथला राहणारा तिथं होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथं होते. आण्णांनी तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात प्राण सोडला, म्हणजे नोंद तिथल्या नगरपंचायतीत. दवाखान्यानं माहिती कळवायची असते, पण त्यांनी कळवली का हे आपण जाऊन विचारलेलं बरं. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर काही कटकट नाही. त्यानंतर विलंब शुल्क, महिना उलटला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत गोष्ट जाते. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. नगरपंचायत, तहसील, ग्रामपंचायत, जिकडे जावं तिकडे माणसं निवडणुकीच्या ड्युटीवर. खुर्च्या रिकाम्या आणि पंखे चालू. २३ तारखेला मतमोजणी झाली, मग एकेक कर्मचारी परतू लागला. भावानं नोंद आधीच करून ठेवली होती, दाखला हातात आला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

दाखल्याच्या जास्त प्रती एकदमच घ्या. बँक, विमा, शेतीकर्ज देणारी गावची सोसायटी, ग्रामपंचायत, तलाठी, गॅस एजन्सी, प्रत्येकाला एक लागते आणि काही जण मूळ प्रत ठेवून घेतात. आणि छापण्याआधी कर्मचाऱ्याला संगणकाचा पडदा तुमच्याकडे वळवायला सांगून नावाचं अक्षर न् अक्षर वाचा. एकदा दाखला निघाला की दुरुस्तीची फाईल वेगळी चालते.

आता मुख्य गोष्ट. आमच्या घरात आणि अर्ध्या गावात एक समज होता की 'गावात नोंद झाली' म्हणजे सगळं झालं. तसं नसतं. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला असते. तो कर आकारणीचा उतारा. शेतजमिनीची नोंद सातबाऱ्यावर, म्हणजे महसूल खात्याकडे, तलाठ्याकडे. आणि ज्या गावात ड्रोननं गावठाण मोजलंय तिथं घराची मिळकत पत्रिकाही निघालीय, ती भूमि अभिलेख खात्याकडे. ही तीन वेगळी दप्तरं, वेगवेगळी माणसं सांभाळतात. एकाकडे दिलेला मृत्यूचा दाखला दुसऱ्याकडे आपोआप जात नाही. त्यात २०२४ साली पदनामं बदलली: ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी. गावात मात्र दोघंही भाऊसाहेबच. "भाऊसाहेबांना भेटून ये" म्हटल्यावर कुठले भाऊसाहेब ते विचारून घ्यायचं.

डिसेंबरमध्ये मी पुण्यात बसून ई-हक्क प्रणालीवर सातबाऱ्याच्या वारस नोंदीचा अर्ज भरला. वारसानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असं जमीन महसूल कायद्यात आहे, आणि हे ऑनलाइन करता येतं. मोबाईलवर ओटीपी येतो, कागद स्कॅन करून चढवायचे, फी नाही. मला वाटलं हे तर सोपं आहे. काही दिवसांनी अर्ज त्रुटी काढून परत आला. कारण: मयताचं नाव अभिलेखाशी जुळत नाही. सातबाऱ्यावर आण्णा 'दत्तू' आणि आजोबा 'रामा'. आधारवर, बँकेत आणि आता मृत्यूच्या दाखल्यावर 'दत्तात्रय रामचंद्र'. दाखल्यावर आधारचं नाव लावणं भागच होतं, कारण बँक आणि विमा दोन्ही तेच मागतात. पण वाटणीच्या वेळी जुन्या तलाठ्यानं घरात ज्या नावानं हाक मारायचे तेच लिहिलं होतं, आणि पुढे संगणकीकरणात ते तसंच उतरलं. आमच्या भागात असे दत्तू, नामा, गणू घरोघरी निघतील. तुमचे वडील हयात असतील तर आजच त्यांचा सातबारा काढून नाव वाचा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सही असलेला उतारा १५ रुपयांत निघतो.

दोन्ही नावं एकाच माणसाची, हे दाखवायला काय लागतं? भाऊ तलाठ्याला भेटला तेव्हा त्यांनी सांगितलं: दोन्ही नावं लिहून 'ही एकच व्यक्ती' असं वारसांचं स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटलांचा दाखला, आणि एखादा जुना कागद ज्यात सातबाऱ्यावरचं नाव आणि पत्ता जुळतो. आम्हाला सोसायटीचं जुनं कर्जखात्याचं पुस्तक सापडलं. त्यावर 'दत्तू रामा उर्फ दत्तात्रय' असं कुणा सचिवानं निळ्या शाईत लिहून ठेवलं होतं. त्या एका 'उर्फ'नं आमचं बरंच काम केलं.

या घोषणापत्रासाठी तहसीलसमोरच्या टपरीवर ५०० च्या स्टॅम्पचा आग्रह होतो. ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० चा मुद्रांक बऱ्याच कामांना लागू झाला, त्यामुळे तिथले लोक सगळ्यालाच ५०० सांगतात. सरकारी कार्यालयात जोडायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे आणि आमचं काम साध्या कागदावर झालं. त्याच टपरीवर एकानं 'फेरफारासकट', म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीसकट, 'सगळं करून देतो' म्हणून पाच हजार सांगितले होते. ज्यांना खेटे घालायला वेळच नाही असे लोक देतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्या पैशात ते जे करतात ते अर्ज लिहिण्यापलीकडे काही नाही, एवढं माहीत असू द्या.

हे कागद जमेपर्यंत जानेवारी आला. तोवर घराचं काम हाती घेतलं.

आमची ग्रामपंचायत सात सदस्यांची. ग्रामसेवकांकडे दोन गावं, त्यामुळे ते आमच्याकडे आठवड्यात ठरलेल्या वारीच बसतात. ते वार फलकावर खडूनं लिहिलेले असतात, पण मीटिंग, प्रशिक्षण, व्हिडिओ कॉन्फरन्स यांत ते बदलतात. पुण्याहून निघण्याआधी शिपायाला फोन करायचा ही सवय मी लवकरच लावून घेतली. शिपाई हाच पाणी सोडतो, हाच दवंडी देतो, आणि भाऊसाहेब आज येणार की नाही हे त्यालाच पक्कं माहीत असतं. दवंडी म्हणजे आता घंटागाडीवरचा भोंगा. 'पाणी उद्या येणार नाही' आणि 'लसीकरण आहे' यांच्या मध्ये 'घरपट्टी भरा' असतं.

घरपट्टी भरा, हेच मलाही ऐकवलं गेलं. थकबाकी असताना नोंदीचा अर्ज पुढे सरकत नाही. आण्णांच्या आजारपणात दोन वर्षांची घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर राहिला होता, सगळा मिळून ३,१४० रुपये. भरले, पावती घेतली. येणे बाकी नसल्याचा दाखला आणि नमुना ८ चा उतारा प्रत्येकी २० रुपये. हे दोन्ही दाखले लोकसेवा हक्क कायद्याखाली (२०१५) येतात, पाच दिवसांची मुदत आहे आणि दर-मुदतीचा फलक ग्रामपंचायतीत लावलेला असावा लागतो. आमच्याकडे तो फलक कपाटामागे होता. मी भांडले नाही. अर्जाची पोच मात्र मागितली, तारीख आणि शिक्क्यासह. पोच असली की मुदतीचा हिशोब सुरू होतो आणि उशीर झाल्यास पंचायत समितीकडे अपील करता येतं. ते करायची वेळ आली नाही. तोंडी सांगून निघालेल्या माणसाला मात्र ती वेळ आली तरी हातात काही नसतं.

वारस नोंदीचा अर्ज मात्र या दाखल्यांसारखा टेबलावर होत नाही. त्यासोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची आधार, वारसांचं स्वयंघोषणापत्र, कराची पावती. मग हरकतीची नोटीस फलकावर लागते, आणि त्यानंतर मासिक सभेत ठराव होऊन नमुना ८ ला नाव चढतं. ग्रामसभेत नव्हे, मासिक सभेत. गावात निम्मे लोक मला सांगत होते की २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांड. ग्रामसभा म्हणजे सगळ्या मतदारांची, तिथं गटारं, घरकुल यादी, दारूबंदी हे विषय. मी २६ जानेवारीला गेले होते, झेंडावंदनानंतर बसले. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी तेवढी गणपूर्ती लागते. रजिस्टरवर सह्या भरपूर होत्या, सतरंजीवर माणसं त्या मानानं फारच थोडी. सगळा वेळ पाण्याच्या टाकीवर गेला. वारस नोंद हा तिथला विषय नाही हे ग्रामसेवकांनीच सांगितलं आणि माझा एक फेरा वाचवला.

एसटीचं भाडं आदल्याच दिवशी वाढलं होतं. महिलांना अर्धं तिकीट असल्यानं मला फारसं जाणवलं नाही, भावाला जाणवलं. तेव्हापासून तालुक्याची कामं घरच्यांनी माझ्याकडेच दिली.

फेब्रुवारीच्या मासिक सभेला पुरेसे सदस्य आलेच नाहीत. लग्नसराई होती. सभा तहकूब, विषय पुढे. मला त्या दिवशी खरोखर रडू आलं, आणि ते घराच्या नोंदीसाठी नव्हतं. आण्णा स्वतः एकेकाळी या ग्रामपंचायतीचे सदस्य होते, आणि त्यांच्या नावापुढे 'मयत' लिहायला गावाला सवड नाही असं काहीतरी डोक्यात आलं. पाच मिनिटांत सावरले. सरपंचबाईंनी चहा पाजला आणि मार्चची तारीख सांगितली. मार्चच्या सभेत ठराव झाला. ठरावाची नक्कल मागून घ्या, नुसता उतारा नको. उताऱ्यावर नाव चुकलं तर दुरुस्तीला ठराव क्रमांकच लागतो. आमच्या नव्या उताऱ्यावर ताईचं सासरचं आडनाव चुकलं होतं, नक्कल दाखवल्यावर तिथल्या तिथं दुरुस्त झालं.

एक गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. २४ फेब्रुवारीला पीएम किसानचा हप्ता सुटला आणि आण्णांच्या खात्यावरही दोन हजार आले. आईला वाटलं देवानंच पाठवले. ते पैसे काढू नका. लाभार्थी मयत झाल्यानंतर आलेला हप्ता परत मागितला जातो. आम्ही तालुका कृषी कार्यालयात लेखी कळवलं आणि रक्कम खात्यातच ठेवली. तहानभूक हरपून शोधाशोध करत असताना हे कुणी सांगत नाही.

आता सातबारा. मार्चअखेरीस गावच्या व्हॉट्सॲप गटावर एक बातमी फिरू लागली: 'जिवंत सातबारा' मोहीम. आधी बुलढाण्यात राबवलेली ही मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर लागू झाली. ज्या खातेदारांचं निधन होऊनही त्यांची नावं सातबाऱ्यावर तशीच आहेत, ती काढून वारसांची नावं लावायची. वेळापत्रक नेमकं होतं. १ ते ५ एप्रिल तलाठ्यानं गावात चावडी वाचन करून मयत खातेदारांची यादी करायची, ६ ते २० एप्रिल वारसांनी कागद द्यायचे, १० मे पर्यंत मंडळ अधिकाऱ्यांनी, म्हणजे तलाठ्याच्या वरच्या अधिकाऱ्यांनी, फेरफारावर निर्णय द्यायचा. आमचा डिसेंबरचा परत आलेला अर्ज धूळ खात होता, त्याला हे वेळापत्रक मिळालं.

चावडी वाचन मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मारुतीच्या देवळासमोर सकाळी दहाला. तलाठी गट नंबर वाचत, खातेदाराचं नाव घेत, आणि लोक पटकन सांगत, "गेला", "हाय अजून", "मुंबईला आस्तो". काही नावं अशी होती की माणूस जाऊन तीस वर्षं झाली, नातू चाळिशीचा, आणि जमीन अजून पणजोबांच्या नावावर. एका गटाला तर नाव घेतल्यावर कुणालाच ओळख पटेना, शेवटी एका म्हातारबांनी कपाळावर हात ठेवून त्या माणसाचं घराणं सांगितलं. आण्णांचं नाव 'दत्तू रामा' असं पुकारलं गेलं आणि आईनं पदर सावरून हात वर केला.

कागद तेच: मृत्यूचा दाखला, वारसांबाबत स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटील किंवा सरपंच किंवा ग्रामसेवक यांचा दाखला, सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते, फोन, आणि रहिवासाचा पुरावा. पण घोषणापत्रात वारस म्हणून कुणाकुणाची नावं, इथं खरी चर्चा झाली.

तलाठ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मयताची आई हयात आहे का?" आहे. मग तीही वारस. हिंदू उत्तराधिकार कायद्यात, १९५६ च्या, वर्ग एकच्या वारसांत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे सगळे बरोबरीनं येतात. गावात आईचं नाव लावलेलं मी कुठंच पाहिलं नव्हतं. तात्या, म्हणजे माझे चुलते, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले.

"म्हातारीचं नाव कशाला घालतीस? उद्या तिचं काय बरंवाईट झालं म्हंजी तिच्या हिश्शाला आमची न् आत्यांची नावं लागणार. तुमचंच लचांड वाढंल."

तात्या खरं बोलत होते, आणि स्वतःच्या फायद्याच्या विरुद्ध बोलत होते, याचं मला आजही कौतुक वाटतं. पण घोषणापत्रावर 'याव्यतिरिक्त अन्य वारस नाही' असं वाक्य असतं आणि त्याखाली आम्ही सगळे सही करणार. आजी आतल्या खोलीत शेंगा फोडत बसलेली असताना ती नाही असं लिहायचं मला जमणार नव्हतं. शिवाय अशा गाळलेल्या नावानं फेरफार पुढे कुणीही आव्हान देऊन उडवू शकतो. आजीला तिचा हिस्सा कुणाला द्यायचा असेल तर ती मृत्युपत्र करू शकते, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करू शकते. तो तिचा प्रश्न.

हाच वाद ताईच्या आणि माझ्या नावावरून. "पोरींची नावं लावायची आन् मग काढून घ्यायला पुन्हा खर्च." भावकीतल्या एकानं सुचवलं की साध्या कागदावर 'आम्हाला हिस्सा नको' असं लिहून द्या. तसल्या कागदाला किंमत नाही. हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्रच लागतं, आणि ते नाव लागल्यावर कधीही करता येतं. ताईनं एका वाक्यात विषय संपवला: "नाव राहू दे, द्यायचं का न्हाई ते माझं मी बघीन." भाऊ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच ताईचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या जिल्हा परिषद शाळेतून काढून आणला. तो लागतो, कारण ताईच्या आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. ती आण्णांची मुलगी आहे हे दाखवणारा दुसरा सोपा कागद नाही. विवाहित बहिणी असतील तर हा दाखला आधीच काढून ठेवा.

सगळ्यांच्या सह्या एका ठिकाणी कशा मिळवायच्या, हा प्रश्न यात्रेनं सोडवला. आमच्या गावची यात्रा हनुमान जयंतीनंतर. त्या वर्षी १२ एप्रिलला जयंती होती. सुतक म्हणून आमच्याकडे जेवणावळ नव्हती, पण ताई आली, आत्या आल्या, मुंबईचे चुलत भाऊ आले. सकाळी पालखी, दुपारी कुस्त्यांचा फड, आणि मधल्या वेळात आमच्या पडवीत घोषणापत्र. नोकरीनिमित्त विखुरलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावं: असं सह्यांचं काम यात्रेत, गणपतीत किंवा दिवाळीत धरा. कुरियरनं कागद फिरवण्यात महिने जातात.

आजीचा अंगठा घ्यायचा होता. भावानं स्टॅम्प पॅड आणलं. तिच्या अंगठ्याच्या रेषा शेंगा फोडून, भाकऱ्या थापून एवढ्या झिजल्यात की पहिला ठसा म्हणजे नुसता निळा डाग आला. ताईनं तिचा अंगठा कोमट पाण्यात धुतला, कोरडा केला, मग पॅडवर हलकाच टेकवला आणि कागदावर एका कडेकडून दुसऱ्या कडेला फिरवला. दाबायचा नाही, फिरवायचा. तिसरा ठसा बरा आला. शेजारी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या. आजीनं पदराला अंगठा पुसत विचारलं, "माझा वाटा कंच्या बाजूला हाय?"

तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वारस नोंदीनं वाटे पडत नाहीत. सगळी नावं सामाईक खात्यात लागतात. कोण कुठला तुकडा कसतो हे सातबारा सांगत नाही. वाटप ही वेगळी प्रक्रिया, तहसीलदारांकडे किंवा नोंदणीकृत वाटणीपत्रानं. आजीला समजावलं. ती म्हणाली, मग विहिरीकडचा माझा. सगळे गप्प बसले.

१६ एप्रिलला कागद दिले. तलाठ्यांनी फेरफार धरला आणि सगळ्या हितसंबंधितांना नोटीस निघाली. हरकतीसाठी १५ दिवस. या काळात पुण्यातून रोज फोन करायची गरज नसते. महाभूमीवर 'आपली चावडी' म्हणून डिजिटल फलक आहे, तिथं जिल्हा, तालुका, गाव निवडलं की प्रलंबित फेरफार, त्यांचा प्रकार, हरकतीची मुदत दिसते. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बघायचे. गावातल्या दुसऱ्या घरांचे फेरफारही दिसतात, त्यामुळे कुणी कुणाला जमीन विकली हे मला आईच्या आधी कळायला लागलं.

हरकत आली नाही. तोंडी कुजबुज झाली, आण्णांनी कधीकाळी बांध सरकवला होता वगैरे, पण वारस नोंदीत बांधाचा वाद येत नाही, आणि लेखी कुणी दिलं नाही. लेखी हरकत आली असती तर नोंद तक्रारी झाली असती आणि सुनावणी लागली असती. ७ मे ला मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. मी १५ रुपये भरून सातबारा उतरवला. आण्णांचं नाव कंसात गेलं होतं, म्हणजे कमी झालं होतं, खाली पाच नावं. आजीचं पहिलं. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, जसाच्या तसा, कारण वारसांकडे जमीन येते तसं कर्जही येतं. सोसायटीच्या सचिवांना नवा उतारा नेऊन दिला आणि खातं वारसांच्या नावे वळतं करण्याचा अर्ज केला.

एवढी घाई का करत होतो, तर शेतकरी ओळख क्रमांकासाठी. एप्रिलच्या मध्यापासून राज्यात शेतीच्या योजनांना तो क्रमांक लागतो, आणि तो सातबाऱ्यावर नाव असल्याशिवाय निघत नाही. आईचं नाव लागलं, पण तिचा मोबाईल आधारला जोडलेला नव्हता, म्हणून ओटीपी येईना. आधार केंद्रात ५० रुपये देऊन नंबर जोडला, काही दिवस थांबलो, मग गावच्या सेवा केंद्रात क्रमांक निघाला. पीएम किसानची नवी नोंदणीही आईच्या नावे केली. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेल्या जमिनीला ही योजना मिळत नाही, पण वारसानं आलेल्या जमिनीला ती अट लागू नाही. फॉर्म भरताना 'वारसा हक्क' हाच पर्याय निवडला जातोय का, ते केंद्रचालकाच्या शेजारी उभं राहून बघा.

राहिली मिळकत पत्रिका. ड्रोन मोजणीनंतर घराची सनद, म्हणजे मालकीचा कागद, आण्णांच्या नावे निघालीय, आणि ग्रामपंचायतीचा ठराव तिथं चालत नाही, वेगळा अर्ज भूमि अभिलेख खात्याच्या परिरक्षण भूमापकाकडे द्यावा लागतो. तो जूनमध्ये दिला. सोबत मृत्यूचा दाखला, घोषणापत्र, आधार, आणि या वेळी नमुना ८ चा नवा उतारा व प्रमाणित फेरफार हे दोन्ही जोडले. ते पाहून भूमापकांनी 'उर्फ'चा प्रश्न विचारलाच नाही. त्या सनदेवर घराच्या मागचं परडं तात्यांच्या बाजूला थोडं जास्त दाखवलंय. तात्या म्हणतात चूक आहे, मोजणीवाल्यांना बोलावू. भाऊ म्हणतो राहू दे. आई म्हणते आधी नाव लागू दे, मग भिंतीचं बघू. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, पुढची चौकशी भाऊ करणार आहे.